कुड्याच्या सालीचा अर्क दिला की आतडं सैल पडायच्या ऐवजी आधी आवळतंय, चुकतंय कुठं?

जांबोटीचा_पोरगा

सगळ्यांना नमस्कार. मी बेळगावात एम फार्म करालोय, फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. गाव जांबोटीकडं, खानापूर तालुका. प्रोजेक्टला पांढऱ्या कुड्याची साल घेतलोय कारण लहानपणापासनं बघत आलोय, पावसाळ्यात घरात कुणाला हगवण लागली की अज्जी परड्यातल्या कुड्याची साल काढायची, सहाणेवर ताकात उगाळायची आणि दोन चमचे पाजायची. कडू असं की दिवसभर तोंडाची चव जायाची नाय, पण हगवण थांबायची. त्यामुळं मला वाटलं कुडा आतड्याचे स्नायू सैल सोडत असणार, तेच ऑर्गन बाथवर, म्हणजे आतड्याचा तुकडा जिवंत ठेवून त्याची हालचाल मोजायच्या काचेच्या भांड्यात, दाखवायचं.

आता झालंय असं. सकाळी लवकर खाटकाकडनं बोकडाचं इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) थंड टायरोडमध्ये (क्षार आणि ग्लुकोजचं पाणी) घालून आणतो, दोन सेंटिमीटरचा तुकडा २० मिलीच्या बाथमध्ये बांधतो, ३७ डिग्री, एरेटर चालू, अर्धा तास तसंच सोडतो. असिटिलकोलीन, म्हणजे आतडं आवळायला लावणारं शरीरातलंच द्रव्य, दिलं की मस्त आवळतंय, धुतलं की परत खाली येतंय. मग अर्क. ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून वाळवलोय, पाण्यात नीट विरघळंना म्हणून डीएमएसओ हे द्रावक घातलोय, बाथमध्ये ते १ टक्क्यापर्यंत जातंय. मिलीला ५ मिग्रॅ अर्क देऊन वर असिटिलकोलीन दिलं तर आकुंचन निम्म्यावर येतंय, म्हणजे पाहिजे होतं तसंच. पण नुसता अर्क दिला, त्यात पण १ ते ३ मिग्रॅच्या मधे, तर आतडं आधी आवळतंय! मिनिटभर वर राहतंय आणि मग हळूहळू बेसलाइनच्या (सुरुवातीच्या उंचीच्या) पण खाली जातंय. चार बोकडांचं आतडं झालं, चारीत तेच.

लॅबमधला एक सीनियर म्हणतोय टिश्यू खराब असंल, आवळलेले ग्राफ बाजूला टाक आणि सैल पडलेले तेवढे थिसिसला लाव. मला ते पटंना. पण मग हे आवळणं नेमकं कशाचं? हगवण थांबवणारं औषध आतडं आवळंलच कसं? कुणी हे काम केलेलं असंल तर सांगा, अडकून बसलोय.

जुना_ड्रमवाला

पोरा, एक आधी सांगतो, ते ग्राफ टाकू नकोस. चार जनावरांच्या आतड्यात एकच गोष्ट चार वेळा दिसली तर ती टिश्यूची खोड नसते. खराब टिश्यू प्रत्येक वेळी वेगळं वागतो, आणि तुझा असिटिलकोलीनला व्यवस्थित उत्तर देतोय.

मी बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल घेतलंय, आतड्याची हालचाल काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर फ्रंटल लिव्हरच्या काडीनं उमटवायचो तेव्हापासून. आतडं शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवायची ही पद्धत रुडॉल्फ मॅग्नसनं १९०४ साली जर्मनीत बसवली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं होत आली, पण पोरं चुकतात त्याच जागी. तुझ्या बाबतीत मला तीन शंका आहेत.

पहिली डीएमएसओची. १ टक्का जास्त होतो. अर्काशिवाय नुसतं तेवढंच डीएमएसओ दे आणि काय होतं बघ. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, तू लिहिलेला नाहीस म्हणजे बहुतेक केलेला नाहीस. अर्क टाकल्यावर बाथचा पीएच किती होतो तेही मोज, सालीच्या अर्कात टॅनिन असतं, आंबटपणा आला तर आतडं त्यालाच उत्तर देतं आणि तुला वाटतं औषधाचा गुण.

दुसरी शंका पोटॅशियमची, आणि याच्याकडं कुणी बघतच नाही. झाडाच्या कुठल्याही कच्च्या अर्कात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. समजा तुझ्या सुक्या अर्कात वजनाच्या ४ टक्के पोटॅशियम आहे. मिलीला १० मिग्रॅ अर्क टाकलास म्हणजे मिलीला ०.४ मिग्रॅ पोटॅशियम, लिटरला ४०० मिग्रॅ, त्याला ३९ नं भागलं की १० मिलिमोलच्या वर जातं. टायरोडमध्ये लिटरला ०.२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मुळात २.७ मिलिमोल. तू ते जवळजवळ पाचपट केलंस की! पोटॅशियम वाढलं की स्नायूच्या पेशीवरचा विजेचा दाब उतरतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि आतडं आवळतं, त्यात कुड्याचा काही संबंध नाही. तपासायचं कसं तर पोटॅशियम मोजायचा फ्लेम फोटोमीटर असेल तर उत्तम, नसेल तर जुनी युक्ती आहे, तेवढाच अर्क मफल फर्नेसमध्ये जाळून राख कर, राख पाण्यात घे, आम्ल घालून पीएच जुळव आणि ते पाणी बाथमध्ये दे. कुड्याची सगळी द्रव्यं जळून गेली, क्षार तेवढे राहिले. तरी आवळलं तर तो क्षारांचा खेळ. माझा अंदाज विचारशील तर १ मिग्रॅला एवढं आवळायला पोटॅशियम पुरणार नाही, आणि तो खेळ असता तर डोस वाढेल तसं आवळणं वाढत गेलं असतं. पण अंदाजावर थिसिस लिहीत नाहीत.

तिसरं, सैल पडलेला टिश्यू धुतल्यावर परत असिटिलकोलीनला पहिल्यासारखं उत्तर देतो का? काही झाडांत सॅपोनिन असतात, ते पेशीचं आवरणच फाडतात. मग आतडं सैल पडत नाही, मरतं, आणि ग्राफवर दोन्ही सारखंच दिसतं. तीन वेळा धुऊन जुनी उंची परत आली तरच त्याला सैल पडणं म्हणायचं.

आणि टायरोड करताना कॅल्शियम क्लोराइड वेगळं विरघळवून सगळ्यात शेवटी घालतोस ना? बायकार्बोनेटबरोबर आधीच घातलं की पाणी दुधासारखं होतं आणि कॅल्शियम तळाला बसतं. ग्लुकोज ज्या त्या दिवशीच घाल. हे तुला माहीत असेलच, पण राहवत नाही.

शहापूरची_अक्का

सरांनी सांगितलेले कंट्रोल आधी करून घे, मग पुढचं वाच.

तुझं खरं अडलंय ते "हगवण थांबवणारं औषध आतडं आवळंलच कसं" इथं. आवळतं रे. एकाच झाडात आवळणारं आणि सैल सोडणारं दोन्ही असणं हे आडवळणाचं नाही, उलट नेहमीचं आहे. कराचीच्या आगा खान विद्यापीठात अन्वर गिलानी आणि त्यांच्या लोकांनी आपल्याच स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या झाडांवर वर्षानुवर्षं हेच काम केलं. आलं घे. त्यांच्या २००५ च्या कामात आल्याचा अर्क एकीकडं असिटिलकोलीनसारखा वागून आतड्याला चालना देतो आणि दुसरीकडं कॅल्शियमची वाट अडवून सैल सोडतो. इसबगोल आपल्याकडं बद्धकोष्ठाला पण देतात आणि जुलाबाला पण, त्यावरही त्यांचं २०११ चं काम आहे आणि तिथंही दोन्ही परिणाम सापडले. कुड्यावर पण २०१० मध्ये त्यांनी केलंय, त्यात पण आवळणं आणि सैल पडणं दोन्ही आहे, आणि आवळण्यामागं हिस्टामिनच्या रिसेप्टरचा हात दिसला होता. ओवा आणि वेखंड मात्र जास्त करून सैल सोडायच्या बाजूचे, कॅल्शियम अडवूनच. म्हणजे तुला दिसलं ते नवीन नाही, आणि टाकून देण्यासारखं तर अजिबात नाही.

आता वेगळं कसं काढायचं. आवळण्यासाठी आधी अॅट्रोपीन (असिटिलकोलीनला अडवणारं) देऊन ठेव आणि मग २ मिग्रॅ अर्क दे. आवळणं पूर्ण गेलं तर मस्करिनिक, म्हणजे असिटिलकोलीनची वाट. राहिलं तर फेनिरामिन (हिस्टामिनला अडवणारं) देऊन बघ, त्यानं कमी झालं तर हिस्टामिन. दोन्ही देऊन पण राहिलं तर अजून काहीतरी आहे आणि ते तसंच लिहायचं. एक लक्षात ठेव, अडवणारं औषध नेमकं काम करतंय हे दाखवायला त्याच टिश्यूवर असिटिलकोलीन आणि हिस्टामिन देऊन त्यांचं आकुंचन खरंच अडलंय हे पण दाखवावं लागतं, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

सैल पडण्यासाठी नुसतं असिटिलकोलीनच्या वर अर्क देऊन भागत नाही, तेवढ्यावरनं कुडा अॅट्रोपीनसारखा आहे का कॅल्शियम अडवतो ते कळत नाही. ८० मिलिमोल पोटॅशियमनं आतडं आवळून धर, ते एका उंचीला टिकलं की अर्क थोडा थोडा वाढवत जा, ०.०१, ०.०३, ०.१, ०.३ असं मिलीला १० मिग्रॅपर्यंत. जास्त पोटॅशियमचं आकुंचन बाहेरनं आत येणाऱ्या कॅल्शियमवर टिकतं, त्यामुळं ते सैल पडलं तर कॅल्शियमची वाट अडली असं म्हणायला आधार मिळतो. शेजारी कॅल्शियम अडवणारं व्हेरापामिल ठेव तुलनेला. २५ मिलिमोलचं सैल पडलं आणि ८० चं नाही पडलं तर गोष्ट वेगळी, मग पोटॅशियमच्या चॅनेलकडं बघायला लागेल.

जमलं तर सश्याचं जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) पण कर, ते स्वतःहून ठेक्यात हलत असतं म्हणून सैल पाडणारं औषध त्याच्यावर स्पष्ट दिसतं. आवळण्यासाठी गिनीपिगचं इलियम, त्याची बेसलाइन शांत असते आणि हिस्टामिनला ते फार तिखट उत्तर देतं. पण या दोन्हीला कॉलेजच्या अॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी लागते, अर्ज आजच कर, मीटिंगला वेळ लागतो.

अजून एक मनातलं. हगवण थांबणं म्हणजे स्नायू सैल पडणं हे समीकरणच धरून बसू नकोस. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये कच्च्या बेलफळावर २००९ ला काम झालं, त्यात जंतू आतड्याच्या पेशींना चिकटणं आणि कॉलऱ्याचं विष पेशीला धरणं यावर बेलाचा परिणाम दिसला, स्नायूंचा त्यात विषयच नव्हता. कुड्यातलं कोनेसीन पण एकेकाळी अमिबाच्या आवेसाठी वापरात होतं. तुझ्या अज्जीच्या ताकातल्या सालीनं जंतू मारले, का पाणी सुटणं कमी केलं, का स्नायू, का तिन्ही, ते एका ऑर्गन बाथवरनं कळणार नाही. थिसिसमध्ये तेवढंच म्हण जेवढं बाथनं दाखवलं.

कणकुंबी_रान

साल आणलीस कुठनं? तू अज्जीच्या झाडाचं लिहिलायस पण प्रोजेक्टला किलोभर साल लागत असंल, ती परड्यातली नसणार. बाजारात कुड्याची साल म्हणून काळ्या कुड्याची पण येते, सुकल्यावर आणि त्यातनं भुकटी केल्यावर डोळ्यानं ओळखणं कठीण. झाडावर ओळखायचं तर शेंगा बघ, दोन्हीला जोडीनं लोंबतात, पण पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या असतात आणि काळ्याच्या टोकाला एकमेकीला चिकटलेल्या. बी चावून बघितलंस तर पांढऱ्याचं ते कडू इंद्रजव, काळ्याचं गोड इंद्रजव. काळ्या कुड्याच्या पानातनं निळा रंग काढायचे पूर्वी. आमच्याकडं पांढऱ्या कुड्याच्या फुलांची भाजी करतात, त्यामुळं बायकांना हे झाड चुकत नाही, गावातल्या कुठल्या पण मावशीला विचार.

फुलाची फांदी दाबून वाळवून नमुना कर आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॅडिशनल मेडिसिन बेळगावातच हाय की, तिथं नाहीतर कुठल्या पण बॉटनी डिपार्टमेंटला ओळखून घे, नमुन्याचा नंबर थिसिसला घाल. आणि भीमगडच्या अभयारण्यात जाऊन साल सोलून आणू नकोस बाबा, मालकीच्या परड्यातली घे, ती पण फांदीची. बुंध्याची गोल काढलास तर झाड मरतंय.

वैद्य_निपाणी

चर्चा वाचून बरं वाटलं. माझं बीएएमएसचं शिक्षण आहे आणि निपाणीत प्रॅक्टिस करतो, ऑर्गन बाथ मी कॉलेजात एकदाच बघितला, तेव्हा त्या बाजूनं काही बोलत नाही. पण कुटज, म्हणजे कुडाच, आम्ही रोज देतो, कुटजारिष्ट, कुटजघनवटी, म्हणून एक सांगावंसं वाटलं.

आमच्याकडं अतिसार एक मानत नाहीत. आमातिसार, म्हणजे न पचलेला आम पोटात असतानाचा, वेगळा आणि आम पचून गेल्यावरचा पक्वातिसार वेगळा. चरकाच्या चिकित्सास्थानात अतिसाराचा १९ वा अध्याय आहे, त्यात स्पष्ट आहे की आम असताना सुरुवातीलाच मल बांधणारं औषध द्यायचं नाही, साठलेला दोष आधी बाहेर जाऊ द्यायचा, नाहीतर पोटफुगी, सूज असले दुसरे त्रास उभे राहतात. आधुनिक डॉक्टर पण रक्त पडत असताना आणि ताप असताना लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध देत नाहीत, दोन वर्षांखालच्या मुलाला तर नाहीच. कारण वेगळ्या भाषेत सांगतात, पण सावधगिरी एकाच जागेची आहे.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण असल्या धाग्यावर घरगुती औषध शोधत पण लोक येतात. जुलाबात माणूस जातो तो पाणी आणि मीठ गेल्यामुळं. ओआरएस पहिलं. साल नंतर. रक्त पडलं, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं तर साल उगाळत बसू नका, दवाखाना गाठा.

चिकोडीची_सून

मधेच विचारते, राग मानू नका. माझं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, पोटात मुरडा येतो म्हणून सासूबाई गुटीत मुरुडशेंग आणि वेखंड उगाळून द्या म्हणतात. वर वेखंड आतडं सैल सोडतं असं लिहिलंय म्हणजे द्यायला हरकत नाही ना?

शहापूरची_अक्का

राग कसला, उलट विचारलंत ते चांगलं केलंत. मी लिहिलं ते काचेच्या बाथमधल्या आतड्याच्या तुकड्याबद्दल, त्यावरनं बाळाला द्यायचं ठरवू नका. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काही नको, पाणी पण नको. वेखंडात बीटा असारोन नावाचं द्रव्य असतं, आपल्याकडच्या वेखंडात ते जास्त असतं, आणि त्याच्या विषारीपणामुळं अमेरिकेत १९६८ पासनं वेखंड खाण्यात घालायला बंदी आहे. मुरुडशेंग पिळाची म्हणून पोटातल्या पिळाला, हा आपल्याकडचा जुना विश्वास आहे, पण साडेतीन महिन्यांच्या बाळाला किती हे कुणी मोजलेलं नाही, आणि सहाणेवर किती उगाळलं ते रोज वेगळं होतं. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर वेखंड पाण्यात उगाळून बाळाच्या पोटावर लावायची पण पद्धत आहे, त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि दूध पाजल्यावर ढेकर काढायला खांद्यावर जरा जास्त वेळ धरा. रडणं थांबत नसेल, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

चिकोडीची_सून

बरं अक्का. उद्याच डॉक्टरांना दाखवून येते.

जांबोटीचा_पोरगा

तीन आठवड्यांनी लिहालोय, सगळं एकेक करून बघितलो म्हणून वेळ लागला.

कणकुंबीवाल्या काकांचं पहिलं. तुम्ही धरलासा ते बरोबर, साल बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातनं आणलेली. ती दाखवलो, भुकटीत मिसळ हाय म्हणून सांगितले. लाज वाटली. मग गावाला जाऊन परड्यातल्या झाडाच्या फांद्यांची साल काढलो, फुलं होतीच झाडाला, नमुना करून ओळखून घेतलो, नवीन अर्क केलो आणि सगळं परत पहिल्यापासनं.

नुसतं डीएमएसओ १ टक्का दिलं तर बेसलाइन थोडी खाली येतीया, म्हणजे माझं आधीचं सैल पडणं फुगलेलं होतं. आता ०.१ टक्क्याच्या वर जात नाय, अर्क आधी कोमट पाण्यात घोटून घेतो. राखेचं पाणी दिलो, ३ मिग्रॅ अर्काएवढं, काहीच झालं नाय. १० मिग्रॅएवढं दिलं तर बारीक उचललं. म्हणजे सर तुमचा अंदाज बरोबर, खालच्या डोसचं आवळणं पोटॅशियमचं नाय, पण वरच्या डोसला त्याची भर हाय. तीनदा धुतल्यावर असिटिलकोलीनची उंची परत येतीया.

आणि नवीन सालीच्या अर्कानं पण आतडं आधी आवळतंय! अॅट्रोपीन देऊन बघितलो तर थोडंच कमी झालं. फेनिरामिननं बरंच पडलं, सहा तुकड्यांपैकी सहात. दोन्हीचे कंट्रोल त्याच टिश्यूवर घेतलोय अक्का, असिटिलकोलीन आणि हिस्टामिन दोन्ही अडलेले दिसालेत. सीनियरला ग्राफ दाखवलो, तो बराच वेळ बघत बसला आणि मला म्हणाला माझ्या पण जुन्या फाइलीत असले दोन आहेत, काढून बघतो.

घरी गेलो तेव्हा अज्जीला सगळं सांगितलो, वैद्यांनी लिहिलेलं आम आणि पक्व पण वाचून दाखवलो. ती म्हणाली पहिल्या दिवशी मी कधी देत होते रे तुम्हाला? पहिला दिवस मिठाची पेज, पोट मोकळं होऊ द्यायचं, साल दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं खाल्लो आणि हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग विचारलो साल किती घ्यायचीस, तर करंगळीचं पेर दाखवली. त्या पेराएवढ्या सालीचं वजन केलो, सहाणेवर सात वेढे उगाळून किती झिजली ते पण मोजून वहीत लिहून ठेवलोय.

हे प्रस्तावनेत घालू का चर्चेत? आधी आवळतंय मग सैल पडतंय, आणि अज्जी पण आधी मोकळं करून मग बांधते, हे जुळतंय असं लिहिलं तर चालेल का?

शहापूरची_अक्का

शाबास रे. काम नीट केलास.

अज्जीची पद्धत, पेराचं माप, दुसऱ्या दिवशीचा नियम, सगळं प्रस्तावनेत घाल, तारीख आणि गाव लिहून, तिला विचारून. जुळतंय असं मात्र लिहू नकोस. तुझ्या बाथमध्ये आवळणं एक मिनिट आणि अज्जीचा एक दिवस, त्या दोघांना जोडणारं तुझ्याकडं आज काही नाही. तिनं साल दिली ती पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिल्या दिवशी जे मोकळं झालं ते कुड्यानं झालंच नाही. हे तुझ्या नजरेतनं सुटलं बघ.

८० मिलिमोलचं कधी करतोस?

जांबोटीचा_पोरगा

खरंच की, सुटलं. काढून टाकतो ती ओळ.

८० चं उद्या सकाळी, खाटकाला साडेसहाला येतो म्हणून सांगून आलोय. व्हेरापामिल आजच मिळालं. सश्याच्या परवानगीची मीटिंग पुढच्या महिन्यात हाय, अर्ज दिलोय.